हॉर्सपॉवरमधला घोडा आला कुठून?

आजचा शब्द आहे हॉर्सपॉवर, म्हणजे अश्वशक्ती. विहिरीवरच्या मोटरीपासून गाडीच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे 'एचपी' ऐकू येतो. पण यंत्रात घोडा शिरला कसा? तर पैशांच्या हिशोबातून.

गोष्ट अठराव्या शतकातल्या इंग्लंडची. खाणींतलं पाणी उपसायला न्यूकोमेनची वाफेची इंजिनं होती, पण ती कोळसा फार खायची. जेम्स वॉटचं सुधारलेलं इंजिन आलं, तेव्हा वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन खाणमालकांना म्हणाले, जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश वाटा आम्हाला द्या.

पुढे गिरण्यांकडून मागणी आली आणि हा हिशोब अडला. तिथे जुनं इंजिनच नव्हतं, घोडे होते. गिरणीवाल्याचा प्रश्न सरळ होता: हे यंत्र माझ्या किती घोड्यांचं काम करणार?

घोड्यांशी तुलना थॉमस सेव्हरीने 1702 मध्येच केली होती. वॉटने तिला पक्का आकडा दिला. 1782 मध्ये एका कागद गिरणीसाठी त्याने मांडलं: घोडा 24 फूट व्यासाच्या गोलात मिनिटाला अडीच फेऱ्या मारतो, म्हणजे साधारण 180 फूट चालतो. त्याची ओढ धरली 180 पौंड. गुणाकार आला 32,400. पुढच्या वर्षी तो 33,000 केला. म्हणजे मिनिटाला 33,000 पौंड वजन एक फूट उचललं की एक अश्वशक्ती. आजच्या मापात सुमारे 746 वॉट, आणि हे 'वॉट' नावही त्याचंच!

खरा घोडा क्षणभर याच्या कितीतरी पट जोर लावतो, पण दिवसभर एवढं काम त्याला जड जातं. त्यामुळे हे माप घोड्याची ताकद सांगत नाही. ते व्यवहारासाठी ठरवलेलं माप आहे.

आणि तो व्यवहार आपल्याकडे अजून चालू आहे. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या कृषिपंपाची आकारणी एचपीवर होते, पंप किती तास चालला यावर नाही. 2024 च्या मोफत वीज योजनेची मर्यादाही साडेसात एचपीच. तेव्हा बिलावरचा एचपी आणि मोटरीच्या प्लेटवरचा एचपी एकदा ताडून बघाच. भेटू पुढच्या भागात!