सोबत मागणारे गीत

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले ब्रिक्सम हे मच्छीमारांचे बंदर. तिथल्या ऑल सेंट्स चर्चचे धर्मगुरू हेन्री फ्रान्सिस लाइट यांनी ५ सप्टेंबर १८४७ च्या रविवारी आपल्या मंडळीपुढे शेवटचे प्रवचन केले. क्षयाने शरीर पोखरून काढले होते. ते प्रवचनाला उभे राहणार म्हणताच घरच्यांच्या पोटात गोळा आला. पण लाइट ऐकणाऱ्यांतले नव्हते. प्रवचन झाले, प्रभुभोजनाचा विधी झाला, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी एका जवळच्या आप्ताच्या हाती एक छोटेसे गीत ठेवले. सोबत स्वतःच बांधलेली चालही होती. मग उबदार हवेच्या आशेने ते दक्षिणेकडे निघाले आणि २० नोव्हेंबरला नीस शहरात वारले. वय ५४. त्यांची कबरही तिथेच आहे.

ते गीत म्हणजे ‘अबाइड विथ मी’, म्हणजे ‘माझ्याजवळ राहा’. इंग्रजी बोलणाऱ्या जगात मरणाच्या घरी सर्वाधिक गाइल्या जाणाऱ्या गीतांत त्याची गणना होते. दिल्लीच्या विजय चौकात ते कित्येक वर्षे वाजत असे, म्हणून ज्यांनी कधी चर्चचा उंबरा ओलांडला नाही अशा भारतीयांच्याही कानांवर ही चाल आहे.

या गीताचे एक वैशिष्ट्य पहिल्याच वाचनात जाणवते. एवढा आजारी माणूस देवाशी बोलतो आहे, पण ‘मला बरे कर’ असे एकदाही म्हणत नाही. दुःख का दिलेस, असा जाबही विचारत नाही. त्याला फक्त सोबत हवी आहे. संकटातही देव जवळ आहे यावरचा भरवसा म्हटला की आपल्याला ठाम, ताठ मानेचे उद्गार आठवतात. इथला भरवसा तसा नाही. तो कडव्याकडव्याला विनवणी करतो, आणि माझ्या मते या गीताचे दीर्घायुष्य त्यातच आहे. ज्याची श्रद्धा डळमळीत झाली आहे, त्यालाही विनवणी करता येते.

ही विनवणी कुठून आली हे पाहायचे तर लाइट यांच्या बालपणाकडे जावे लागते. स्कॉटलंडमधल्या एडनम गावी १७९३ साली त्यांचा जन्म झाला. बाप बेजबाबदार. थोरल्या दोन मुलांची आयर्लंडमधल्या एनिस्किलनच्या पोर्टोरा शाळेत सोय लावून तो घर सोडून गेला. आई धाकट्याला घेऊन लंडनला गेली आणि तिथे ती दोघेही वारली. पोरक्या हेन्रीला शाळेचे मुख्याध्यापक रॉबर्ट बरोज यांनी आपल्या घरात घेतले, पोटच्या मुलासारखे वाढवले. पुढे डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज, १८१५ मध्ये धर्मगुरूची दीक्षा, आणि १८२० च्या दशकापासून ब्रिक्सम. तिथल्या मच्छीमारांच्या मुलांसाठी त्यांनी रविवारची शाळा भरवली, समुद्रावर जाणाऱ्या बोटींना बायबलच्या प्रती दिल्या. स्तोत्रांवर बेतलेल्या गीतांचा ‘द स्पिरिट ऑफ द साम्स’ हा त्यांचा संग्रह १८३४ साली निघाला. (त्यातले १०३ व्या स्तोत्रावरचे गीत २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नात गायले गेले. लाइट यांच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे झाली होती. योगायोगच, पण लक्षात राहण्याजोगा.)

गीत नेमके कधी लिहिले याबद्दल मात्र दोन मते आहेत. पहिले वर सांगितलेले, म्हणजे १८४७ चे. लाइट यांच्या मृत्यूनंतर १८५० साली त्यांचे उरलेसुरले लेखन प्रसिद्ध झाले, त्याला जोडलेल्या आठवणींत मुलीने ही हकीकत दिली. दुसऱ्या मताप्रमाणे ते १८२० साली आयर्लंडमध्ये सुचले. अंथरुणाला खिळलेला एक मित्र ‘अबाइड विथ मी’ हेच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होता आणि तरुण लाइट त्याच्या उशाशी बसले होते, असे सांगतात. माझा कौल १८४७ ला. पण दुसरी गोष्ट खरी असेल तर हे शब्द मुळात दुसऱ्याच्या मरणशय्येवरचे ठरतात, आणि सत्तावीस वर्षांनी ते लाइट यांच्या स्वतःच्या कामी आले असे म्हणावे लागते.

त्या शब्दांचे मूळ त्याहून फार जुने, लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातले. येशूला क्रुसावर देऊन तीन दिवस झाले आहेत. दोन शिष्य खचलेल्या मनाने यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे निघाले आहेत. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालू लागतो. बोलता बोलता गाव येते, तो पुढे जायला निघतो, आणि हे दोघे त्याला आग्रहाने थांबवून घेतात; सांज झाली आहे, आता मुक्काम इथेच करा म्हणतात. पुढे तो जेवायला बसून भाकर मोडतो तेव्हा त्यांना कळते की हा तर येशूच. कळते त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. मला यात रस वाटतो तो क्रमात. ओळख नंतर पटली, आग्रह आधी झाला. देव आपल्याबरोबर चालतो आहे हे त्या दोघांना वाटेवर ठाऊकच नव्हते. लाइट यांनी ही खरीखुरी संध्याकाळ उचलली आणि ती आयुष्याची संध्याकाळ केली. गीतपुस्तकवाल्यांनी पुष्कळदा ते सायंप्रार्थनेच्या भागात घातले. लोकांनी मात्र ते अंत्यविधीला नेले. लोकांना ते जास्त कळले होते.

लाइट यांची चाल चालली नाही. १८६१ साली ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हे गीतपुस्तक निघाले, तेव्हा त्याचे संगीत संपादक विल्यम हेन्री मंक यांनी या शब्दांना ‘इव्हनटाइड’ ही चाल दिली. घरावर मोठे दुःख कोसळले असताना, मावळतीकडे पाहत ती सुचली, असे त्यांच्या पत्नीने पुढे सांगितले. दहा मिनिटांत झाली, अशीही एक आख्यायिका आहे. अशा आख्यायिका प्रत्येक चांगल्या चालीला चिकटतात. चाल आहे मात्र विलक्षण साधी. लांब उड्या नाहीत, ताना नाहीत. ज्याला गाता येत नाही त्यालाही ती म्हणता येते, आणि रडवेल्या गळ्याला याहून जास्त झेपतही नाही.

या गीताची खरी कसोटी ब्रुसेल्समध्ये लागली. पहिल्या महायुद्धात इंग्रज परिचारिका एडिथ कॅव्हल हिने जर्मनव्याप्त बेल्जियममधून सुमारे २०० सैनिकांना निसटायला मदत केली. जर्मनांनी तिला देहान्ताची शिक्षा दिली. ११ ऑक्टोबर १९१५ च्या रात्री धर्मगुरू स्टर्लिंग गाहन तिच्या कोठडीत गेले, प्रभुभोजन दिले, आणि दोघांनी मिळून हेच गीत हळू आवाजात म्हटले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला गोळ्या घातल्या. सुटकेसाठी प्रार्थना करण्याची वेळ टळून गेली होती. अशा वेळी म्हणता येतील अशी गीते कुठल्याही धर्मात फार थोडी.

मग १९२७. वेम्बली मैदानावर कार्डिफ आणि आर्सेनल यांच्यातल्या एफए कपच्या अंतिम सामन्याआधी ते हजारो लोकांनी एकत्र गायले, आणि दरवर्षीचा प्रघातच पडला. फुटबॉलला मरणाचे गीत कशाला, असे आपल्याला वाटेल. पण युद्ध संपून नऊ वर्षेही झाली नव्हती आणि ज्याच्या घरचे कोणी गेले नाही असा माणूस त्या गर्दीत सापडणे अवघड होते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात एमिली सँडे हिने ते गायले आणि अक्रम खान यांचा नृत्यगट त्यावर नाचला. कथकचे शिक्षण घेतलेला बांगलादेशी वंशाचा नर्तक आणि व्हिक्टोरियन काळातले भजन!

दिल्लीत ते आले लष्करी बँडबरोबर. २९ जानेवारीला प्रजासत्ताक सोहळ्याची सांगता करणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये १९५० च्या दशकापासून ही धून वाजे. गांधीजींच्या आवडत्या प्रार्थनागीतांपैकी एक अशी तिची ओळख. धून संपली की बिगूल वाजे आणि ध्वज उतरे. २०२२ मध्ये ती वगळली आणि त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आले. कवी प्रदीप यांच्या या गीताची चाल आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्र यांची. या बदलावर बरीच वादावादी झाली. माझ्यापुरते म्हणायचे तर कोणती धून वाजवावी हा सरकारचा प्रश्न. पण ‘अबाइड विथ मी’ला साम्राज्याचा अवशेष म्हणणे हे ते कोणी आणि कशासाठी लिहिले याचे अज्ञान आहे.

आणि देव सोबतीला असतो ही भावना मराठी ख्रिस्ती माणसाला परदेशातून आयात करावी लागली, असेही नाही. मंक यांची चाल छापली गेली त्याच १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला राहून अभंग, ओवी, कीर्तन हे सगळे चर्चच्या दारातून आत आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. वाटेत हात धरून चालणारा देव तुकोबांच्या अभंगांत होताच. टिळकांना अम्माऊसच्या वाटेवर तो ओळखीचा वाटला असेल तर नवल नाही.

शेवटी एक विनंती. लाइट यांनी आठ कडवी लिहिली, गीतपुस्तकांतून बहुधा पाचच छापतात. गाळलेल्यांपैकी एकात ते आपल्या उनाड, हट्टी तारुण्याबद्दल बोलतात: मी तुला अनेकदा सोडून गेलो, तू मात्र मला सोडले नाहीस. ज्याला बापाने टाकले त्याने हे लिहिले आहे. पुढच्या वेळी कुणाच्या अंत्यविधीला हे गीत म्हणायचे ठरले तर ते कडवेही म्हणा.