धाबं आणि डेक

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्याला वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या बोल लावले. विहीर खणावी तर पाणी मचूळ, त्या पाण्यानं ओलीत करावं तर जमीन बिघडते. पण हीच खारी माती अकोटात बैलगाड्या भरून यायची आणि घरांच्या डोक्यावर चढायची. तिच्यातला खार पिकाच्या मुळावर येतो, धाब्याच्या मात्र पथ्यावर पडतो. सोडियम जास्त असलेली ही माती पाऊस पडला की फुगते, तिचे बारीक कण सुटून भेगांमध्ये बसतात आणि मागून आलेलं पाणी वरच्या वर ओघळून पन्हाळीला लागतं. शिवाय तिच्यात गवत सहसा धरत नाही, म्हणून मुळ्यांनी छत उकलायची भीती कमी. आमच्या आज्याला यातलं रसायन ठाऊक नव्हतं. तो चिमूटभर माती जिभेला लावायचा आणि गाडी उतरवून घ्यायची की परत पाठवायची ते सांगायचा.

धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. मराठवाड्यात त्याला माळवद म्हणतात. भिंतींवर सागाचे सरे, सऱ्यांवर कड्या, कड्यांवर ऐपत असेल तर फळ्या आणि नसेल तर काड्याकुड्या नि पळसाची पानं, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर खारी माती. अकोट सातपुड्याच्या पायथ्याशी. उत्तरेला नरनाळ्याचा किल्ला आणि त्याच्या मागे मेळघाटचा सागवान. म्हणजे लाकूड वरून यायचं आणि माती खालून. आमच्या गावाची जुनी घरं या दोन रस्त्यांवर उभी राहिली, असं म्हटलं तरी चालेल.

जाड सऱ्यांची घरं मात्र कापसानं बांधली. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, साठीच्या दशकात रेल्वे अकोल्यापर्यंत आली आणि त्याच सुमाराला, 1861 ते 65, अमेरिकेत यादवी माजली. तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. पुढे भाव कोसळले, पण त्या सुगीत ज्यांच्या हाती पैसा खेळला त्यांच्या माड्या राहिल्या. तसल्याच एका वाड्याच्या धाब्यावर माझं लहानपण गेलं. उन्हाळ्यात अंथरुणं वर, कुरड्या-पापड वर, पतंग वर. आणि मिरगाच्या आधी माती वर.

माती टाकायला येणारा म्हातारा बेलदार आधी फावड्याला हात लावायचा नाही. अनवाणी सगळ्या धाब्यावर फिरायचा, टाच आपटत, सावकाश. एखाद्या जागी थांबून पुन्हा आपटायचा. भक्कम धाबं टाचेला उलटं उत्तर देतं. कुजलेल्या कडीवरची माती आवाज गिळून टाकते. मग तो खाली येऊन त्याच जागेखालचा सरा बघायचा, त्यातही भिंतीत शिरलेलं टोक. सरा मधे कुजत नाही. मधे त्याला वारा लागतो. भिंतीत गेलेल्या वीतभर टोकाला वारा नाही, ओल मात्र आहे. मी त्याच्या मागे मागे फिरायचो आणि छतावर ओलीचा डाग दिसला की ओरडून दाखवायचो. तो म्हणायचा, “पानी कुठी गयते थे पाहू नोको लेका, कुठून घुसलं थे पाह्य.” पाणी शिरतं एका जागी, सऱ्यावरून सरकत जातं आणि टपकतं दुसरीकडेच. डागाच्या डोक्यावर माती ओतणारा दर पावसाळ्यात माती ओततच राहतो.

पुढं पोटापाण्यासाठी मी मुंबईला गेलो आणि फायबरच्या कामाला लागलो. बोटींच्या वर्कशॉपात. अकोटात सांगितलं तर लोक हसायचे. नदीला पूर आला तरच आमच्याकडे बोटीची आठवण होते. पण पहिल्यांदा एका जुन्या शिडाच्या बोटीवर मिस्त्रीनं हातोडीचा दांडा डेकवर टकटक वाजवत न्यायला सांगितलं, तेव्हा मला ते काम शिकवावं लागलं नाही. टणक, टणक, टणक आणि मग भद्द. तिथं खडूनं गोल.

फायबरग्लास ही गोष्ट तशी अलीकडची. काचेचे धागे आणि रेझिन यांची सांगड दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जमली. अमेरिकेतल्या ओहायोत रे ग्रीन यानं 1942 साली छोटी होडी करून दाखवली. 1959 साली न्यूयॉर्कच्या बोटींच्या प्रदर्शनात ‘पीअरसन ट्रायटन’ नावाची अठ्ठावीस फुटी शिडाची बोट आली आणि साच्यातून बोटी काढायचा धंदा जोरात सुरू झाला. न कुजणारी, कीड न लागणारी, रंगरंगोटी न मागणारी बोट, अशी तिची जाहिरात. ही जाहिरात अर्धीच खरी होती. नुसत्या काचेचं डेक पायाखाली लवतं. लवू नये इतकं जाड केलं तर बोट वरून जड होते. म्हणून काचेच्या दोन पातळ थरांमध्ये हलकं लाकूड भरायची युक्ती निघाली. बहुधा बाल्सा, दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरचं, उभ्या रेषांचे चौकोनी तुकडे करून. काही ठिकाणी प्लायवूड. म्हणजे न कुजणाऱ्या बोटीच्या पोटात कुजणारं लाकूड, आणि ते कुणाला दिसत नाही.

तरीही युक्ती वाईट नव्हती. वर एक पातळ कातडी, खाली एक, मधे हलका गाभा. अशी रचना वजनाच्या मानानं फार ताठ असते. बिघडतं ते पुढं, माणूस भोकं पाडायला लागला की. डेकवर कठड्याचे खांब बसवायचे, दोर बांधायचे खुंटे बसवायचे, खिडकी कापायची. प्रत्येक स्क्रू वरची कातडी भेदून लाकडात जातो. स्क्रूभोवतीची लुगदी पाच-दहा वर्षांत वाळते, खांबाला धरून लोक चढतात-उतरतात, खांब किंचित हलतो आणि केसाएवढ्या फटीतून पाणी आत झिरपतं. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. वर काच, खाली काच. उन्हात तापतं, रात्री गार होतं, लाकूड भिजलेलंच राहतं. वरून डेक चकचकीत आणि आत काळा, आंबूस वास मारणारा चोथा.

दुरुस्ती म्हणजे शस्त्रक्रियाच. खडूच्या गोलाच्या बाहेर बारीक भोकं पाडत जायचं. गिरमिटाला कोरडा पांढरा भुसा लागला की तिथं रोग संपला. मग वरची कातडी कटरनं कापून, शक्य तर अखंड उचलायची. चोथा खरवडून काढायचा, खालची कातडी घासून उघडी करायची आणि वाळू द्यायची. या ‘वाळू द्यायची’ पायरीवरच बहुतेक कामं फसतात. मालकाला घाई असते, ठेकेदाराला त्याहून जास्त. ओल्यावर रेझिन धरत नाही, धरल्यासारखं दाखवतं. मुंबईत पावसाळ्यात हवाच इतकी ओली की शहाणा मिस्त्री गाभ्याचं काम तेव्हा उघडत नाही, जरी बोटी नेमक्या तेव्हाच ओढून वर ठेवलेल्या असतात. वाळल्यावर नवा बाल्सा किंवा मरीन प्लाय घट्ट केलेल्या रेझिनमध्ये बसवायचा, वजनं ठेवायची, मग वरची कातडी परत. सांध्याच्या दोन्ही कडा तिरप्या घासायच्या, जाडीच्या बारापट रुंद उतार धरून, आणि त्या उतारावर काचेच्या मॅटचे थर लहान-मोठे चढवत जायचे. पॉलिस्टर रेझिनमध्ये कोबाल्ट आधी मिसळायचा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकमेकांत ओतले तर भडका उडतो. नव्या पोराला आम्ही आधी हे सांगायचो, ब्रश धरायला नंतर शिकवायचो.

शेवटचं काम मला सगळ्यात आवडायचं. जिथं खांब परत बसणार तिथं हवं त्याहून मोठं भोक पाडायचं, त्यातलं लाकूड आतून कोरून काढायचं, ती पोकळी इपॉक्सीनं भरायची आणि कडक झाल्यावर तिच्या मधोमध स्क्रूचं भोक पाडायचं. आता पाणी आलं तरी त्याला लाकूड भेटत नाही. हे पहिल्याच दिवशी कारखान्यात केलं असतं, तर माझ्यासारख्या कित्येकांचा रोजगार बुडाला असता.

गाभ्याचं लाकूड गुन्हेगार नाही, हे गोव्यात दिसलं. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची बोट सीडरच्या लाकडी पट्ट्यांचीच आहे, वरून काच आणि इपॉक्सी. नौदलानं ती 2009च्या फेब्रुवारीत ताब्यात घेतली आणि ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले, ते पृथ्वीप्रदक्षिणा करून 2010च्या मे महिन्यात परतले. या मोहिमेमागे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींचं डोकं होतं. निवृत्तीनंतर ते राहायचे फलटणजवळ विंचुर्णीला, आमच्या वऱ्हाडाइतक्याच रखरखीत मुलखात. त्याआधी 1985 ते 87मध्ये लष्कराच्या इंजिनिअर्सनी ‘तृष्णा’तून फेरी मारली होती, तीही विलायतेतून विकत घेतलेल्या जुन्या फायबरग्लासच्या बोटीतून. लाकूड काचेच्या पोटात राहू शकतं. अट एकच, त्याला कोरडं ठेवायचं.

इकडे अकोटात धाब्यांचं काय झालं, ते मी सुट्टीला येऊन तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं. दरसाल माती टाकायचा कंटाळा आला. बेलदाराची पोरं दुसऱ्या कामांना लागली. मग कुणीतरी मातीवर सिमेंटचा कोबा केला आणि गल्लीनं त्याचं अनुकरण केलं. कोबा कडक, सरे मात्र उन्हाळ्या-पावसाळ्यात थोडे थोडे हलणारे. कोब्याला केसासारख्या चिरा गेल्या. माती असती तर पहिल्याच सरीत फुगून चीर बुजवली असती, नाहीतर घरात टपकून बोंब तरी मारली असती. कोब्याखाली माती गुपचूप ओली राहिली आणि वर ऊन तापलं तरी ती ओल वर उडून जाईना. त्यात ऐंशीच्या दशकात टीव्ही आला. वऱ्हाडात चित्र धड दिसायला अँटेना उंच लागायचा, म्हणून धाब्यात थेट लोखंडी खांब रोवले. असल्या खांबाच्या बुडाशी पाणी कसं जातं ते मी मुंबईत बोटींच्या डेकवर रोज बघत होतो. आमच्याच गल्लीतल्या एका घरात सरा मोडला तो खांबापासून दोन हातांवर. वरचा कोबा तेव्हाही गुळगुळीत होता.

माती बरी की सिमेंट, असा वाद घालणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. दरवर्षी खारी माती वाहणाऱ्या बायामाणसांचे खांदे मी पाहिलेत. त्या कष्टांची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं एवढंच की धाबं गळायचं तेव्हा खरं बोलायचं. कोबा आणि बोटीवरचा चकचकीत जेलकोट दोघेही मरेपर्यंत तोंडावर हसू ठेवतात. त्यांच्याखाली काय चाललंय ते कळायला टाच लागते, हातोडीचा दांडा लागतो, आणि मुख्य म्हणजे दरवर्षी वर चढायची सवय लागते. माती टाकायचं काम बंद झालं तेव्हा माती गेली ते ठीक, पण मिरगाआधी छतावर फिरणारा माणूसही गेला.

आता जुने वाडे पडतात तेव्हा सरे आधीच विकले जातात. मेळघाट 1974 साली व्याघ्रप्रकल्प झाला आणि तसला साग नव्यानं सहज मिळेनासा झाला, त्यामुळे शंभर वर्षांच्या सऱ्याला नव्यापेक्षा भाव. वाढई भिंतीतलं टोक कापून टाकतो, आतून लाकूड निघतं ते मधाच्या रंगाचं. वाड्याच्या जागी स्लॅब पडते.

आणि ती स्लॅब गळते. हल्ली अकोटात त्यावर औषध मारतात, काचेची जाळी अंथरून वरून रबरासारखा रंग. म्हणजे माझाच धंदा फिरून माझ्या गावी आला. निवृत्त माणूस म्हणून लोक सल्ल्याला बोलावतात. मी वर जातो, आधी डिश टीव्हीची छत्री शोधतो आणि तिचे बोल्ट काढून, भोकं भरून, मग जाळी अंथरा म्हणतो. जाळीच्या खर्चाला सगळे तयार असतात. छत्री काढायला मात्र कुणी तयार नसतं, विशेषतः क्रिकेटचे सामने चालू असले तर.