देवीचे व्रण आणि शिसपेन्सिल

माझ्या धाकट्या मामाचा वाशिमला फोटो स्टुडिओ होता. बालाजीच्या देवळाकडून बाजारात येताना एका लाकडी जिन्याखाली. आता तो जिनाही नाही आणि दुकानही नाही. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बालाजीच्या दर्शनाला आलेली नवी जोडपी हळदीच्या अंगानंच मामाकडे यायची. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं, कमान आणि वऱ्हाडात कुणी न पाहिलेला बर्फाचा डोंगर. काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून मामा म्हणायचा, "बाई, हालू नोको वं!" ज्याच्याकडे कोट नसेल त्याच्यासाठी खुंटीला एक टांगलेला असे. अर्ध्या तालुक्याचे नवरदेव त्या एकाच कोटात आहेत, असं माझी आई सांगायची.

लग्नाची ऑर्डर आटोपून तो रात्री उशिरा यायचा. कॅमेऱ्याच्या बॅगेत वर्तमानपत्रात बांधलेली बुंदी असायची. तिला चामड्याचा वास लागलेला, तरी आम्ही पोट्टे उठून बसायचो. मामीनं मात्र त्याला पिठाच्या डब्याला कधी हात लावू दिला नाही, कारण बोटांना कायम फोटो पक्का करायच्या हायपोचा वास. रविवारी रोडगे आणि वांग्याची भाजी असली की ती आधी त्याला राखेनं हात घासायला लावी.

मला एकदाच डार्करूममध्ये नेलं होतं. पाचवीत असेन, किंवा त्याच्याही आधी. लाल दिवा, तीन ट्रे, आणि कोमट पाण्यात मेटॉल-हायड्रोक्विनोन विरघळवताना मामाचं तोंडातल्या तोंडात मोजणं. पांढऱ्या कागदावर आधी मिश्या उमटल्या, मग डोळे. कागद बरेचदा इंदूचा असे. उटीला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा तो माल, आपल्या देशातला म्हणून मामाला त्याचा अभिमान. घरगुती फोटोंसाठी आमच्याकडे अग्फा क्लिक थ्री होता. त्याच्या रोलवर फोटो यायचे फक्त बारा. त्यामुळे कुणाचा काढायचा यावर घरात चर्चा व्हायची आणि रोल संपेपर्यंत पोळ्यापासून संक्रांत यायची.

पण मामाचं खरं कसब निगेटिव्हवरच्या रिटचिंगमध्ये होतं. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांच्या तोंडावर देवीचे व्रण असत. भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं ते १९७७ साली, त्याआधीच्या साथींतून वाचलेल्यांच्या गालांवर तिची खूण राहिलेली. व्रणाचा खड्डा फोटोत काळा दिसतो, म्हणजे निगेटिव्हवर तेवढीच जागा पारदर्शक असते. मामा उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार शिसपेन्सिलनं तो ठिपका अलगद भरायचा. एकेका चेहऱ्याला दुपार जायची. मुलीच्या लग्नासाठी फोटो हवा असला, की बाप हळूच येऊन सांगायचा, "तेवढं साफ करजा, भाऊ."

आजीचा, म्हणजे स्वतःच्या आईचा फोटोही त्यानं असाच साफ केला. फोटो काढला की आयुष्य घटतं असं तिच्या माहेरी मानत, म्हणून ती मुळातच बसायला तयार नव्हती. शेवटी बसली ती नातवंडांना घेऊन. कॉपी हातात आल्यावर तिनं ती खिडकीशी धरली आणि विचारलं, "हे कोन्ती बाई आणली रे?" मामानं समजावलं. ती म्हणाली, "देवीनं दिलेलं तू काऊन पुसतं? माहं तोंड मले वापस दे."

आणि ते देता आलं. कापसानं पेन्सिल पुसली, की खालची फिल्म होती तशीच निघते. मामानं दुसरी कॉपी काढली. आजी गेल्यावर त्याच निगेटिव्हवरून तेवढा चेहरा एनलार्ज करून भिंतीवर लावला. हल्ली मोबाइल फोटो घेतानाच त्वचा गुळगुळीत करून टाकतो. खालचा चेहरा कुठे शिल्लकच राहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग रंगीत रोल आले. ते धुवायला अकोल्याला जायचे, मीटरगेजच्या गाडीनं, ओळखीच्या माणसाबरोबर. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवे अर्ज, प्रत्येकाला तीन-तीन पासपोर्ट फोटो. मामाची ती सर्वांत बरी वर्षं. पुढे डिजिटल आलं. ज्या कोडॅकच्या इंजिनिअरनं, स्टीव्हन सॅसननं, १९७५ मध्येच पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, ती कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधी २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीला पहिलं आधार दिलं गेलं आणि पुढे गावोगाव लोक फोटोसाठी संगणकासमोर बसले. स्टुडिओची पायरी चढायचं कारणच राहिलं नाही.

वापरलेल्या हायपोत चांदी असते. ती नेणारे पूर्वीपासून यायचे. स्टुडिओ बंद पडू लागले तसे ते जुन्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हही किलोवर मागू लागले. काही दुकानांतल्या दोन-दोन पिढ्या अशा चांदीसाठी गेल्या. ज्या म्हाताऱ्यांचा दुसरा फोटो जगात कुठेही नव्हता, त्यांचीही तोंडं त्यात गेली. मामानं दिल्या नाहीत. निगेटिव्हचे डबे घरी आणले, नोंदींच्या वह्या आणल्या, मामीनं धान्याची कोठी रिकामी करून दिली.

आता माझा मामेभाऊ मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवतो आणि दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढून उलटवतो. मागच्या दिवाळीत मी तिथे असताना रिसोडकडचे एक गृहस्थ वडिलांचा फोटो शोधत आले. मामानं साल विचारलं, वही काढली, दुपारी निगेटिव्ह सापडली. गालांवर पेन्सिल भरलेली होती. "असूच देऊ, का पुसू?" मामानं विचारलं. गृहस्थांना ठरवता येईना. त्यांनी आईला फोन लावला. म्हातारी एवढ्या मोठ्यानं बोलली की ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं. "पुसा म्हना त्याइले. मले माहा मानूस पाह्यजे."