आपल्याला चालेल ना?

बाजारातून कोंबडी आली की आमची दादी चुलीजवळून एकच प्रश्न विचारी, ‘आपल्याला चालेल ना?’ कुठून आणली, कोणी कापली, हे कळल्याशिवाय पातेले चुलीवर चढत नसे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असाच प्रश्न मुंबईत खेतवाडीतल्या एका मुलाला पडला. त्या मुलाचे नाव सालिम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लवकर गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळ केला. घरात शिकारीचा शौक, त्यामुळे मुलाच्या हातीही छर्‍यांची बंदूक आली. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग मुसलमानाने ती खावी का? मुलगा मामांकडे गेला. मामा ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे तेव्हाचे सचिव मिलर्ड यांच्याकडे त्यांनी भाच्याला धाडले. मिलर्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि संस्थेचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह मुलासमोर उघडला. पुढे १९८५ साली आलेल्या सालिम अलींच्या आत्मचरित्राच्या नावातही ही चिमणी आहे.

लहानपणी सुट्टीत हे कुटुंब चेंबूरला राहायला जाई. आज चेंबूर म्हटले की वाहतूक आणि कारखाने डोळ्यांपुढे येतात, तेव्हा तिथे झाडी होती. मुंबईच्या पक्ष्यांचा इतिहास हा असा सरकत गेलेला इतिहास आहे. शहर एक पाऊल पुढे आले की पाखरे एक पाऊल मागे सरली.

१९३० साली जर्मनीहून शिकून परतलेल्या सालिम अलींना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते ती न्याहाळत बसले आणि त्यांना दिसले ते असे: घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की मादी येऊन पाहते. पसंत पडले तर ती राहते, मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो, दुसर्‍या मादीसाठी. आपल्या मराठीने मात्र या पाखराला ‘सुगरण’ असे बाईचे नाव देऊन ठेवले आहे. भाषेनेही कधी कधी पक्षी नीट पाहिलेला नसतो, हे मी कवी म्हणून कबूल करतो.

आता शिवडी. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, तिथे १९९० च्या दशकापासून मोठ्या संख्येने दिसू लागले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला उतरून ट्रकांच्या रांगा आणि तेलाच्या टाक्या ओलांडत, नाकाला रुमाल लावून धक्क्यावर पोचलो. मनात म्हटले, इथे कोण पाखरू येणार? मग ओहोटी लागली. चिखल उघडा पडला आणि त्यावर गुलाबी रेघ उमटली. रेघ हलू लागली. शेजारी उभा असलेला हमाल म्हणाला, ‘‘साहेब, हे दर साली येतात, आमचे पाव्हणे आहेत.’’

हे पाव्हणे साधारण हिवाळ्यात येतात, पावसाच्या तोंडावर जातात. शहराचे सांडपाणी खाडीत उतरते, त्यावर शेवाळ पोसते आणि त्या शेवाळावर छोटा रोहित जगतो. भांडुपला पक्षी पाहायचे तेही सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनपाशी. माहीमचे निसर्ग उद्यान तर जुन्या कचराभूमीवर उगवले. शहराने जे टाकले, ज्याच्याकडे पाठ फिरवली, तिथे पाखरांनी संसार मांडला.

पण टाकलेल्या जमिनीलाही आता भाव आला आहे. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ती रामसर यादीत गेली, हे चांगलेच झाले. शिवडीच्या चिखलावरून जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. सकाळी लोकांना गल्लीत गुलाबी पिसे दिसली.

पूल नको, विमान नको, असे मी म्हणणार नाही. मीही लोकलच्या गर्दीत उभा राहिलेला माणूस आहे. पण भरती-ओहोटीच्या वेळा पाहून एकदा तरी मुलांना खाडीवर न्या. दुर्बीण नसली तरी चालेल. दहा वर्षांच्या पोराने हातातल्या चिमणीकडे पाहून ‘ही चालेल का?’ असे विचारले होते. खाडीचा पुढचा तुकडा गिळण्याआधी एवढ्या मोठ्या शहराने तेवढे विचारायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)