नव्वद दिवसांची हमी, तीस वर्षांची गाडी

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे मोटारीला झेंडूची माळ चढते, बॉनेटवर हळदकुंकू लागते आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतली जाते. वाचकांपैकी अनेकांच्या दारात हा सोहळा होत असेल. यंत्राची पूजा करणाऱ्या समाजाला कोणी भाबडा म्हणोत. मला त्यात एक व्यवहारी शहाणपण दिसते. पूजेच्या निमित्ताने मालक गाडी धुतो, बॉनेट उघडतो, रेडिएटरमध्ये पाणी किती आहे ते पाहतो. कारखान्याने हात झटकल्यानंतर गाडीचा पालक आपणच, ही जाणीव त्या हळदकुंकवामागे असते.

विक्रेत्याने पैसे मोजून घेतले की पुढे गाडीला काही झाल्यास जबाबदार कोण? हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे, आणि कितीतरी वर्षे त्याचे उत्तर 'घेणारा आणि त्याचे नशीब' एवढेच होते. ते उत्तर कसे बदलले, आणि बदलेपर्यंत आपल्याकडच्या घरांनी काय केले, त्याची ही हकिकत आहे.

मुंबईत अमेरिकन मोटारी जोडण्याचा उद्योग जनरल मोटर्सने १९२८ साली सुरू केला. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे त्यांची गाडी उभी राहायची. पुढे १९४४ साली सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्यांत प्लिमथ नावाची गाडी होती. हे नाव लक्षात ठेवावे, कारण याच गाडीने दूर अमेरिकेत हमीपत्राचा इतिहास घडवला.

न्यू जर्सी राज्यातील क्लॉस हेनिंगसन नावाच्या गृहस्थाने मे १९५५ मध्ये पत्नीला 'मातृदिना'ची भेट म्हणून एक नवी प्लिमथ घेतली. गाडी घरी येऊन दहा दिवस झाले होते. पत्नी हेलन ती घेऊन निघाली. रस्ता गुळगुळीत होता, वेग ताशी वीस-बावीस मैल. एकाएकी बॉनेटखालून काहीतरी तडकल्यासारखा मोठा आवाज झाला, सुकाणूचे चाक हातातल्या हातात गरकन फिरले आणि गाडी उजवीकडे वळून विटांच्या भिंतीवर आदळली. त्या वेळी गाडी अवघी ४६८ मैल चालली होती. पुढचा भाग इतका चेचला गेला होता की नेमके काय तुटले हेही सांगता येईना.

हेनिंगसन दांपत्याने विक्रेता आणि कारखानदार दोघांवर दावा लावला. दोघांनी कराराच्या कागदाकडे बोट दाखवले. त्या कागदाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत हमी छापली होती: नव्वद दिवस किंवा ४,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तोवर, सदोष ठरलेला भाग कंपनी बदलून देईल. तो भाग ग्राहकाने वाहतुकीचा खर्च आगाऊ भरून कारखान्याकडे पाठवायचा, आणि तो सदोष आहे की नाही हे ठरवायचे कंपनीने! याखेरीज दुसरी कोणतीही हमी, उघड वा गर्भित, नाही. थोडक्यात, मोडलेल्या सुटया भागाची किंमत मिळेल, मोडलेल्या माणसाची मिळणार नाही.

९ मे १९६० रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कागद बाजूला सारला. न्यायालयाचा विचार साधा होता. हाच मजकूर अमेरिकेतल्या बहुतेक सर्व मोटार कारखानदारांनी संगनमताने स्वीकारलेला होता. एका दुकानातली अट पसंत नाही म्हणून ग्राहक दुसऱ्या दुकानात गेला तरी तिथेही तीच अट. मग त्याने ती राजीखुशीने मान्य केली असे कसे म्हणावे? शिवाय करारावर सही नवऱ्याची आणि दुखापत बायकोला, ही सबबही न्यायालयाने मानली नाही. गाडी कुटुंबासाठी घेतली जाते, तेव्हा तिच्या धडधाकटपणाची हमी त्या कुटुंबाला आहे, असा त्या निकालाचा अर्थ. पुढे बाजारानेही वारा ओळखला. प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीनेच १९६३च्या गाड्यांना, इंजिन आणि चाकांपर्यंत शक्ती नेणाऱ्या भागांपुरती, पाच वर्षे किंवा ५०,००० मैलांची हमी दिली.

आता आपल्याकडे यावे. ज्या काळात तिकडे हमीची मुदत वाढत होती, त्या काळात इकडे गाडी मिळणे हेच भाग्य होते. नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा आणि देशात खरोखर भाग बनवणाऱ्यांनीच राहावे, असे धोरण सरकारने १९५३ साली स्वीकारले. १९५४ साली जनरल मोटर्सने मुंबईतला कारखाना बंद केला. मध्यमवर्गाच्या वाट्याला मुख्यतः तीन घराणी उरली: कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. गाड्यांचे वाटप आणि विक्री यांवर १९५९ साली सरकारी नियंत्रण आले. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुंज झालेल्या मुलाच्या लग्नाच्या वरातीला तरी गाडी येईल, असा विनोद घरोघरी चाले. नवी गाडी हाती पडताच तिला छापील किमतीहून अधिक भाव येई. अशा बाजारात विक्रेत्याच्या दुकानात जाऊन 'दार नीट लागत नाही', 'पावसात पाय भिजतात' अशी तक्रार कोण करणार? गाडी नको असेल तर मागचा गिऱ्हाईक रांगेत उभाच होता.

कायद्याचा आधारही तोकडाच. १९३० च्या माल विक्री कायद्यात, विक्रेत्याच्या कसबावर विसंबून विशिष्ट कामासाठी घेतलेला माल त्या कामाला योग्य असला पाहिजे, ही गर्भित अट होती; पण व्यापारी नावाने मागितलेल्या वस्तूला ती लागू नव्हती, आणि मोटार तर नावानेच मागतात. उरलेल्या गर्भित अटी कराराने काढून टाकण्याची मुभाही त्याच कायद्यात होती. हेनिंगसनच्या कागदाची पाठ आठवा!

मग तीस-तीस वर्षे या गाड्या चालल्या कशा? त्याचे श्रेय हमीपत्राला नाही, कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला आहे. फियाटचे १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन मुळात इटालियन. पण त्याची ठेवण इतकी सरळ, की शिकाऊ पोऱ्याला वर्ष-दोन वर्षांत त्याची बाराखडी येई. गाडी सकाळी सुरू होईना, तर आधी प्लग काढून त्यांवरची काजळी पॉलिश पेपरने घासायची. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट साफ करायचे. तेवढ्यानेही भागले नाही, तर कार्बुरेटर सोडून जेटमधला कचरा फुंकून काढायचा. खंडाळ्याच्या घाटात पाणी उकळले, तर बॉनेट उघडून अर्धा तास थांबायचे आणि मुलांनी तेवढ्यात करवंदे खायची. मागून निळसर धूर येऊ लागला, की रिंगा झिजल्या आणि ऑइल जळू लागले हे ओळखायचे. मग इंजिन उतरवून सिलिंडरला बोअर मारायचे, म्हणजे झिजलेली भोके थोडी मोठी आणि गोल करून त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे. इंजिनाचा जणू पुनर्जन्मच तो.

आणखी एक कारण होते, आणि ते मोठे मजेदार आहे. कारखान्यांना स्पर्धेची भीती नव्हती म्हणून गाडीचा मूळ साचा बदलला नाही. १९७४ पासून फियाटची 'पद्मिनी' झाली, चितोडच्या राणीचे नाव तिने घेतले. पण आतली हाडे बव्हंशी तीच राहिली. त्यामुळे जुन्या गाडीला नव्या गाडीचा भाग चाले. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ, कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्यात नाना पेठेत हिंडले की बहुतेक सर्व मिळे. ज्या मक्तेदारीने गिऱ्हाइकाला रांगेत ताटकळवले, तिनेच त्याची गाडी दीर्घायुषी केली! अर्थात या बाजारातही फसगत होतीच. 'ओरिजिनल' म्हणून घेतलेला पाण्याचा पंप 'डुप्लिकेट' निघाला, तर त्याची हमी दुकानाच्या उंबरठ्यापर्यंतच. म्हणून शहाणा मालक मिस्त्रीला बरोबर नेई आणि जुना काढलेला भाग परत मागून घेई.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली आणि रांगेचे राज्य हळूहळू संपले. कायदाही जागा झाला. १९८४ च्या दुरुस्तीने मक्तेदारीविरोधी कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आल्या, त्यांत पोकळ हमी देणेही आले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रीमियरच्याच एका सदोष डिझेल गाडीच्या प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल देऊन कारखानदाराला कडक शब्दांत सुनावले. मात्र २००६ साली दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने मर्यादाही आखली: क्लचसारखा भाग बदलून दोष जात असेल, तर हमीच्या अटींप्रमाणे तो भागच मिळेल, अख्खी नवी गाडी मागता येणार नाही. २०१९ च्या नव्या कायद्याने मात्र हेलन हेनिंगसनचा मुद्दा आपल्याकडे लेखी केला. सदोष वस्तूने इजा झाली, तर भरपाईसाठी बनवणारा आणि ठरावीक प्रसंगी विकणाराही उत्तरदायी धरला जातो.

मुंबईच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा; त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. आजच्या गाडीत प्लग घासायची वेळ क्वचित येते. बिघाड शोधायला मिस्त्रीच्या कानाऐवजी संगणक जोडावा लागतो, आणि बाहेर हात लावला तर हमी जाईल ही धास्ती असते. कागद आता पूर्वीपेक्षा पुष्कळ बळकट आहे. गाडी मात्र आपल्याला अनोळखी झाली आहे. म्हणून माझे वाचकांना एवढेच सांगणे: हमीपत्राची मागची बाजू चष्मा लावून वाचा, सर्व्हिसिंगची बिले आणि लेखी तक्रारींच्या प्रती एका फाइलीत जपून ठेवा, आणि घरातल्या एका तरी मुलाला बॉनेट कसे उघडतात ते दाखवून ठेवा.