झाडीपट्टीतील नाटक कंपन्या आणि त्यांचे चुकलेले निर्णय

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानशेतीचा व जंगलाचा प्रदेश, शेजारच्या भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांसह, झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास थांबणारी येथील व्यावसायिक रंगभूमी उर्वरित महाराष्ट्राला उशिरा कळली असली, तरी तिला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा सांगितली जाते. या रंगभूमीच्या प्रेक्षकवर्गात नाटकाइतकाच जुना एक वाद चालत आला आहे. नाटक कंपन्यांनी कोणत्या वळणावर चूक केली आणि कोणत्या निर्णयाने नाटक बिघडले, हा त्याचा विषय. असे वाद लोकप्रिय कलावंतांच्या वाट्याला सर्वत्र येतात. बालगंधर्वांनी रंगभूमीवरून चित्रपटाकडे वळून १९३५ सालच्या 'धर्मात्मा'त काम केले ते योग्य होते काय, यावर मराठी रसिकांनी बराच काळ खल केला. तर १९६५ साली बॉब डिलनने न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेवरची गिटार हाती घेतली, तेव्हा त्याच्याच चाहत्यांपैकी काहींनी त्याची हुर्यो उडवली. झाडीपट्टीतील वाद मात्र एका बाबतीत वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा कंपन्यांच्या आर्थिक रचनेत दडलेला आहे.

या भागात नाटकाच्या आधीपासून दंडार आणि खडी गंमत हे लोकप्रकार रुजलेले होते. दंडार म्हणजे पुरुषांनीच सादर करायचा, नृत्य, गाणी आणि सोंगे यांनी मिळून बनलेला खेळ. त्यातील परसंगी दंडारीत एखादा कथाप्रसंगही गुंफलेला असतो, त्यामुळे अभ्यासक तिला नाटकाकडे नेणारा पूल मानतात. खडी गंमत ही तमाशाच्या जातीची, उभ्याने रंगवायची आणि शाहिरीवर पोसलेली. हलका धान दिवाळीच्या आसपास निघतो, भारी धान त्यानंतर, आणि हाती पैसा आला की गावोगाव मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्रा, तसेच शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट पाहायला आलेल्या पाहुण्यांना रात्री गावातच थांबवायचे, तर रात्रभर चालणारे करमणुकीचे साधन हवे. ती गरज आधी दंडारीने आणि पुढे नाटकाने भागवली. नाटकासाठी शेतात किंवा मोकळ्या जागेत जमीन खोदून प्रेक्षकांची उतरती बैठक तयार करायची आणि निघालेल्या मातीचा मंच उभारायचा, ही या भागाची स्वतःची नाट्यगृहरचना होय.

जुन्या पिढीच्या मते पहिली चूक नाटक बसवण्याच्या पद्धतीत झाली. गावातील हौशी तरुण स्वतः तालमी करून नाटक बसवत, बाहेरून फक्त पडदे आणि वेशभूषा भाड्याने आणत. पुढे ही व्यवस्था मागे पडून संपूर्ण नाट्यसंच बाहेरून बोलावण्याची रीत पडली. गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गावरील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे गाव या व्यवसायाचे केंद्र बनले. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथे कंपन्यांची कार्यालये उघडतात, गावोगावच्या मंडळांचे प्रतिनिधी येतात, नाटकाचे नाव आणि नटांची यादी पाहून तारीख ठरवतात आणि इसार देऊन जातात. या बदलाने गावातला नट संपला, ही तक्रार खरी असली तरी तिचे खापर कंपन्यांवर फोडणे अन्यायाचे आहे. महिनाभर रात्री जागून तालीम करणारे तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गावाबाहेर पडू लागले होते, आणि सिनेमा पाहिलेल्या प्रेक्षकाला शेजारच्या मुलाने अडखळत म्हटलेले संवाद पुरेसे वाटत नव्हते. जागा आधी रिकामी झाली आणि मग कंपनी आली, असा क्रम मानणेच अधिक सयुक्तिक आहे.

स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याच्या निर्णयावरही पूर्वी नाके मुरडली गेली. आज तो वाद उरलेला नाही.

सर्वाधिक कडवा वाद आहे तो मुंबई-पुण्याच्या नटांचा. चित्रपटात आणि मालिकांत दिसलेल्या कलावंतांना हंगामातील काही प्रयोगांसाठी आणायचे आणि त्यांचे छायाचित्र भित्तिपत्रकावर मोठे छापायचे, ही पद्धत कंपन्यांतील स्पर्धेतून वाढली. आक्षेप असा की पाहुण्या नटाला येथील प्रयोगाची शिस्त ठाऊक नसते. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, त्यात पदांची संख्या मोठी असते, पद आवडले की वन्समोर मिळतो आणि गायकनटाला प्रेक्षकांतून बक्षिसे येतात, पडद्याआडचा प्रॉम्प्टर संवाद पुरवत असतो आणि नटाला त्याच्या आवाजाशी आपला श्वास जुळवावा लागतो. शिवाय पाहुण्याच्या मानधनाचा भार अखेर स्थानिक नटांच्या मोबदल्यावर पडतो, असेही म्हटले जाते. या आक्षेपांत तथ्य आहे. उलट बाजूने सांगण्यासारखी गोष्ट एवढीच की प्रेक्षकाला खऱ्या अर्थाने बांधून ठेवणारे नट येथलेच निघाले. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांनी विनोदी भूमिकांच्या बळावर पाच हजारांच्या आसपास प्रयोग केले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली; पडद्यावरचा चेहरा म्हणून त्यांना कोणी बोलावले नव्हते.

ऑर्गन-तबल्याच्या साथीची पदे कमी होऊन ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे नाच प्रवेशांच्या मध्ये घुसले, हा आणखी एक ठपका. तो ठेवणारे बहुधा नाट्यसंगीताचे जुने शौकीन असतात आणि नाच सुरू झाल्यावर पुढे सरकणारी गर्दी तरुणांची असते, म्हणून हा वाद कलेपेक्षा वयाचा अधिक आहे. गंभीर विषय या बाजारात चालत नाही, हे अनुमान मात्र त्यावरून काढता येत नाही. सिंदेवाही तालुक्यातील नवरगावच्या श्री व्यंकटेश नाट्य मंडळाचे सदानंद बोरकर यांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहिलेले 'आत्महत्या' हे नाटक याच प्रेक्षकांसमोर उभे राहिले.

आता कंपनी आणि गाव यांच्यातील व्यवहाराकडे वळले पाहिजे. कंपनी सहसा तिकिटे विकत नाही. गावातील मंडळ ठरावीक रकमेत प्रयोग विकत घेते, मैदान खोदते, खुर्चीची आणि जमिनीवरची तिकिटे स्वतः खपवते, आणि नफा उरला तर तो मंदिर किंवा सार्वजनिक कामाला लावते. तोटा झाला तर तोही मंडळाचाच. म्हणजे येथला चाहता हा केवळ प्रेक्षक नसून खरेदीदार आणि काही अंशी निर्माताही असतो. मुंबईचा नट नसेल तर खुर्च्या भरणार नाहीत, असे वडशाच्या कार्यालयात बजावणारा आणि त्या नटाने नाटकाचा विचका केला, असे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो. डिलनच्या श्रोत्यांनी त्याच्या हाती गिटार दिली नव्हती. झाडीपट्टीतल्या कंपन्यांच्या पुष्कळ चुका मात्र मागणीनुसार केलेल्या आहेत.

काही आघात तर कंपन्यांच्या किंवा गावांच्या निर्णयाचे नव्हते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींना बंदी आली आणि पटाच्या निमित्ताने होणारी माणसांची ये-जा, त्यात जुळणाऱ्या सोयरिकी आणि रात्रीच्या नाटकाचा हमखास प्रेक्षक, या साऱ्यांचा जुना धागा सैल झाला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली, तरी दरम्यानच्या काळात नाटकाला पटाविना उभे राहण्याची सवय लावून घ्यावी लागली होती.

चाहत्यांच्या यादीत सहसा न आढळणारी चूक वेगळीच आहे. कलावंताचा करार हंगामापुरता असतो. होळीनंतर पुष्कळ नट, वादक आणि पडदे ओढणारी माणसे शेतीकडे किंवा मजुरीकडे वळतात, आणि म्हातारपणाची तरतूद ज्याची त्याने पाहायची असते. २०२०च्या दिवाळीनंतरचा हंगाम कोविडच्या निर्बंधांत सापडला तेव्हा ही उणीव उघडी पडली. पाहुण्या नटाच्या मानधनावर, रेकॉर्डच्या नाचांवर आणि हरवलेल्या पदांवर तासन्‌तास भांडणाऱ्या मंडळांनी इसाराच्या व्यवहारात कलावंताच्या पावसाळ्यासाठी काही रक्कम वेगळी काढण्याची अट कंपन्यांना घातली असती, तर ती नाकारणे कंपन्यांना अवघड गेले असते, कारण तारखा अखेर मंडळांच्याच हातात होत्या.