हळदीचा पिवळा रंग एकटा नसतो

आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुरकुमिन जास्त, म्हणून तिचं नाव. पण कुरकुमिन किती, हे कसं ठरवतात? डोळ्यांना तर भेसळीचा रंगही पिवळाच दिसतो.

त्यासाठी शंभर वर्षांहून जुनी गोष्ट सांगतो. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं काचेच्या नळीत खडूची भुकटी भरली. वरून हिरव्या पानांचा अर्क ओतला, मग द्रावक सोडलं. अर्क खाली उतरताना त्याचे हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले. आपण बाजाराला निघालो की एक जण प्रत्येक ओळखीच्या दारात थांबते, दुसरी सरळ पुढं जाते. तसंच हे. खडूला धरून राहणारा रंग मागं पडतो, द्रावकासोबत वाहणारा पुढं जातो. १९०६ साली त्यानं या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, असं नाव दिलं. १९१९ मध्ये तो वारला. त्याच्या कामाची खरी कदर झाली ती १९३१ नंतर. पुढं इंग्लंडात आर्चर मार्टिन आणि सहकाऱ्यांनी खडूऐवजी गाळणकागद वापरला आणि काम सोपं झालं.

हळदीतला पिवळा पदार्थ १८१५ मध्येच वेगळा काढला होता. पुष्कळ वर्षं तो एकच समजला जाई. १९५३ साली के. आर. श्रीनिवासन यांनी याच पद्धतीनं दाखवलं, की त्यात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या तीन बहिणी आहेत. कुरकुमिन त्यातली थोरली.

आज प्रयोगशाळेत हेच काम यंत्रावर होतं. खाण्यात बंदी असलेला मेटानिल यलो हळदीत मिसळला असेल, तर तोही वेगळा ठिपका होऊन उघडा पडतो.

आम्ही गटातल्या बाया हळद उकडतो, वाळवतो, दळतो. व्यापारी मात्र नुसता रंग बघून भाव सांगतो. भडक रंगाच्या भेसळीपुढं आपली खरी हळद फिकी ठरते आणि कष्ट पाण्यात जातात. म्हणून मोठा माल विकण्याआधी गटानं मिळून नमुना तपासून घ्यावा. कागदावर आकडा असला की भाव मागायला जोर येतो.

आणि पोरांना घरी हे दाखवा: खडूवर बुडाच्या जरा वर काळ्या स्केचपेननं रेघ ओढा, खडू थोड्या पाण्यात उभा करा. रेघ पाण्याच्या वर राहू द्या. काळ्यातून निघालेले रंग पोरंच मोजतील.